आंब्याच्या पानावर डाग दिसला की आधी पान उलटून बघा

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका ताईंनी तीन फोटो आणि खाली प्रश्न पाठवला. त्यांच्या परसात मानकुराद आंब्याचे चौदा वर्षांचे कलम आहे. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि त्याच ओल्यात झाडाला पालवी आली. त्या पालवीवर तपकिरी-काळे ठिपके पडले, काही पानांना भोके पडली. खालच्या फांद्यांची जुनी पाने काजळ फासल्यासारखी काळी झाली आहेत. शेजारच्या पेरूच्या पानांवर नारिंगी गोल चट्टे आहेत. दुकानातून कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पावडर आणून त्यांनी दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तिन्हीवर फवारली. फरक शून्य. त्या विचारतात, ही कुठली बुरशी, तिला कुठले औषध, आणि पेरू तोडून टाकावा का?

ताई, पेरू तोडू नका. तिसरी फवारणीही तूर्त करू नका. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालवीवरचे ठिपके करप्याचे वाटतात आणि तो खरा बुरशीजन्य रोग आहे. जुन्या पानांवरचे काळे हीसुद्धा बुरशीच, पण ती पान खात नाही, पानावर नुसती बसलेली आहे. तिला तिथे आणणारी कीड वेगळीच आहे. पेरूवरचे नारिंगी चट्टे तर बुरशीच नव्हेत, ते शेवाळ आहे. तिघांवर एकच पावडर मारल्यावर फरक पडला नाही यात नवल नाही. औषध खोटे होते असेही नाही. ते चुकीच्या वेळी आणि दोन ठिकाणी चुकीच्या शत्रूवर गेले.

हे तुमच्या झाडापुरते सांगून थांबलो असतो. पण पावसाळा उतरला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो आणि बहुतेक ठिकाणी पंप आधी पाठीवर चढतो, पान नंतर हातात येते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पान ओळखायला लागणारे सामान घरातच असते. दहा पट मोठे दाखवणारे एक भिंग मात्र विकत घ्या. सोनाराकडे असते तसले खिशात मावणारे. बाकी एक ब्लेड, ओला केलेला रुमाल आणि झाकणाचा प्लास्टिकचा डबा. पण सामानाआधी सवय हवी. झाडाजवळ गेल्या गेल्या पान तोडू नका. आधी दहा पावले मागे उभे राहून अख्खे झाड बघा. डाग फक्त नव्या पालवीवर आहेत की फक्त जुन्या पानांवर? झाडाच्या एकाच बाजूला आहेत की सगळीकडे? खालच्या दाट, उजेड नसलेल्या भागात जास्त आहेत का? शेजारच्या झाडालाही आहेत का, आणि ते झाड त्याच जातीचे आहे की वेगळ्या? एवढे बघितले की अर्धे उत्तर मिळते. उरलेले अर्धे पानाच्या पाठीवर असते.

या सवयीचे मोल मी एका चुकीतून शिकलो. बरीच वर्षे झाली. चोडण बेटावरच्या एका बागायतदाराने आंब्याची चार पाने पुडीत बांधून आणली होती. कडा करपलेल्या, टोके तपकिरी. मी पाने टेबलावर ठेवली, वरून बघितली आणि करपा म्हणून मोकळा झालो. त्याने माझ्या शब्दावर तीन फवारण्या केल्या. पैसे गेले, मजुरी गेली, पाने आणखी जळली. शेवटी मी स्वतः गेलो तेव्हा दिसले की जळलेली झाडे एकाच ओळीत होती, खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खार जमिनीच्या, बांधाला लागून. मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार गळत होते आणि भरतीचे खारे पाणी त्या ओळीच्या मुळांपर्यंत झिरपत होते. वरच्या बाजूची झाडे हिरवीगार. पुडीतल्या चार पानांत ती ओळ दिसत नव्हती, आणि मी तिच्याबद्दल विचारलेही नव्हते. त्या बागायतदाराची मी माफी मागितली. तेव्हापासून झाड बघितल्याशिवाय, किंवा ते कसे उभे आहे हे नीट विचारल्याशिवाय मी रोगाचे नाव घेत नाही.

मिठाने जळलेले पान ओळखायला सोपे असते. जळ टोकाकडून किंवा कडेकडून सुरू होते आणि आत सरकते. जळलेला आणि हिरवा भाग यांच्यामधली रेघ बहुधा स्पष्ट असते. जुनी पाने आधी जळतात. भिंगाखाली त्या तपकिरी भागात एकही टिंब दिसत नाही. समुद्राकाठी, मोरजी-हरमलच्या बाजूला, पावसाळी वाऱ्याबरोबर खारे तुषार येतात, तेव्हा झाडाची फक्त समुद्राकडची बाजू जळते. पोटॅश म्हणून म्युरेट ऑफ पोटॅश जास्त पडले तरी त्यातल्या क्लोराइडने आंब्याच्या पानांची टोके अशीच जळतात. यातल्या कशावरही बुरशीनाशक चालत नाही.

आता तुमच्या पालवीकडे येऊ.

आंब्याचा करपा कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीमुळे होतो. तिला हवे असते ते ओले पान आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब. पान दहा-बारा तास सलग ओले राहिले की तिचे काम होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि सत्तरीच्या डोंगराकडे त्याहून जास्त. त्यामुळे ही बुरशी आपल्याकडे कुठून बाहेरून यावी लागत नाही. ती गेल्या वर्षीच्या सुकलेल्या काटक्यांवर, देठांवर, खाली पडलेल्या पानांवर बसलेलीच असते. पावसाचा थेंब त्या काटकीवर आपटतो, त्याच्या शिंतोड्यातून तिचे बीजाणू खालच्या पालवीवर जातात. म्हणून करपा बहुधा वरून खाली गळत आल्यासारखा दिसतो. सुकलेल्या फांदीच्या नेमक्या खालच्या पालवीला तो सगळ्यात जास्त असतो. तुमच्या पहिल्या फोटोत उजव्या कोपऱ्यात पाने नसलेली काळी काटकी दिसते. माझा पहिला संशय तिच्यावरच आहे.

करप्याचा ठिपका सुरुवातीला टाचणीच्या टोकाएवढा, तपकिरी असतो. तो वाढतो तसा वेडावाकडा होतो, मधे गडद तपकिरी, कधी काळपट. शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि पानाचा तेवढा भाग चुरगळल्यासारखा होतो, कारण बाकीचे पान वाढत असते आणि तो भाग मेलेला असतो. पुढे मेलेला मधला भाग गळून पडतो आणि भोक राहते. पुष्कळजण हे भोक किडीने खाल्ले असे समजतात. किडीने खाल्लेल्या भोकाची कड हिरवी आणि कुरतडलेली असते. करप्याच्या भोकाला तपकिरी, सुकलेली किनार असते. ब्लेडने कड कापून भिंगाखाली धरा, फरक लगेच दिसेल.

या रोगाचा सगळा खेळ पालवीच्या वयावर चालतो, म्हणून हा मुद्दा नीट लक्षात घ्या. पान तांबूस, लोंबते, मऊ असते तेवढे दिवसच बुरशीला आत शिरणे सोपे जाते. पान हिरवे होऊन ताठ झाले, हातात चुरले तर कडकड वाजायला लागले, की त्याची साल तिला सहज भेदता येत नाही. जुन्या हिरव्या पानावर तुम्हाला जो डाग दिसतो तो पान कोवळे असताना पडलेला असतो. त्या डागावर तुम्ही आता कितीही औषध मारा, तो पुसला जात नाही. डाग ही जखमेची खूण, आणि ती पान गळेपर्यंत राहणार. तुम्ही फवारणी केलीत तेव्हा पालवी हिरवी व्हायला लागली होती, हे तुमच्या फोटोतच दिसते. दोन फवारण्यांनंतर जुने डाग गेले नाहीत, म्हणून औषध लागू पडले नाही असे तुम्हाला वाटले. खरे मोजायचे असते ते पुढच्या पालवीवर नवीन डाग किती आले ते.

फोटोवरून मी 'करपा वाटतो' एवढेच म्हणतो, 'आहे' म्हणत नाही. खात्री तुम्ही घरीच करू शकता. अर्धा भाग निरोगी आणि अर्धा डागाळलेला अशी तीन-चार पाने सकाळी दव सुकल्यावर तोडा. स्वच्छ पाण्याने हलके धुवा. प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला, पण न ठिबकणारा कागद पसरा, त्यावर पाने डाग वर करून ठेवा आणि झाकण लावून डबा घरात सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये नको. दोन दिवसांनी झाकण काढा आणि उन्हात नेऊन पान भिंगाखाली तिरके धरा. करपा असेल तर तपकिरी डागावर बारीक बारीक पुटकुळ्या उठलेल्या दिसतात आणि त्यांच्या तोंडाशी फिकट नारिंगी, मधासारखा चमकणारा थेंब जमलेला असतो. हे बीजाणूंचे पुंजके. सुईच्या टोकाने थेंबाला स्पर्श केला तर तो चिकटतो, तार येते. एकदा हा रंग बघितला की माणूस तो विसरत नाही. बागेत मात्र तो क्वचितच दिसतो, कारण वारा लागला की थेंब सुकतो. डब्यात त्याला हवी तशी ओल मिळते.

नारिंगी थेंबांऐवजी काळी टोकदार टिंबे वर आली, डाग राखाडी असला आणि त्याला उठलेली गडद किनार असली, तर तो राखाडी करपा, पेस्टॅलोशिऑप्सिस नावाच्या बुरशीचा. तो बहुधा जुन्या पानांवर येतो, टोकाकडून किंवा फाटलेल्या कडेवरून. वाऱ्याने फांद्या घासल्या, उन्हाने पान भाजले, अन्नद्रव्ये कमी पडली की ही बुरशी जोर धरते. तिच्यासाठी मी सहसा औषध सुचवत नाही. झाडाला शेणखत घाला, ते सुधारते.

पालवीवर आणखी एक गोष्ट करप्याच्या नावाने खपते, ती म्हणजे मिजमाशी. पानावर मसुरीएवढ्या किंवा त्याहून लहान गाठी येतात, वरून आणि खालून दोन्हीकडून फुगीर. बोट फिरवले तर देवीच्या वणासारखे लागते. करप्याचा डाग बोटाला सपाट लागतो, कधी किंचित खोलगट. ब्लेडने गाठ उभी चिरा. आत पिवळसर, बारीकशी अळी दिसली तर कीड नक्की. अळी निघून गेली असेल तर गाठीला बारीक भोक असते आणि भोकाभोवती सुकलेला डाग पडलेला असतो, कारण त्या जखमेतून बुरशीही आत शिरू शकते. तेव्हा दोन्ही एकाच पानावर सापडतात आणि ओळखणारा गोंधळतो. माझा नियम साधा आहे, बोटाला गाठ लागली तर आधी कीड.

डाग कोनाकोनाचे असतील, पानाच्या शिरांनी अडवल्यासारखे, तेलकट काळे, किंचित उठलेले आणि भोवती पिवळे वलय असेल तर तो जिवाणूचा डाग. पान उजेडासमोर धरले की पिवळे वलय दिव्यासारखे उजळते. लिंबावरचा खैऱ्या रोगही जिवाणूचाच, त्याचे उठलेले खरखरीत ठिपके तुम्ही नक्की बघितले असतील. त्यांच्यावर कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक वाया जाते.

आता ती काळी पाने. ताई, आत्ता उठून त्यातले एक पान तोडा. ओल्या रुमालाने घासा. काळे रुमालावर आले आणि खाली पान हिरवेच निघाले तर ती काजळी, कॅप्नोडियम वर्गातली बुरशी. ती पानाच्या आत मुळे घालत नाही. ती साखर खाते आणि साखर तिला आंब्याकडून नाही, किडीकडून मिळते. तुडतुडे, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण पानाचा रस शोषतात आणि गोड चिकटा बाहेर टाकतात. तो खालच्या पानांवर पडतो, त्यावर काजळी धरते. म्हणून काळ्या पानाची वरची बाजू बघून काही उपयोग नाही. त्याच्या वर जी फांदी आहे तिची पाने उलटी करा. मधल्या शिरेच्या कडेला तपकिरी किंवा पांढरट खवले चिकटलेले दिसतील, नखाने उचकटले तर निघतात. हुमल्यांची, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची, रांग फांदीवर येत-जात असेल तर खात्रीच समजा, कारण त्या चिकट्यासाठी हुमले त्या किडीची राखण करतात.

काजळीने झाड मरत नाही. पण पानाला ऊन कमी मिळते आणि हा चिकटा मोहोरावर गेला तर फळधारणा घटते. खालच्या फांद्या हाताला येतात तिथे आत्ताच पाने पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, खवले जास्त असतील तर त्या बारीक फांद्या कापून टाका. कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिली, त्यात थोडा साबण मिसळून पानाच्या पाठीला लागेल असे फवारा. आठ-दहा दिवसांनी परत. कीड थांबली की काजळी सुकते, पापुद्रे होऊन गळते. त्यासाठी बुरशीनाशक लागत नाही. हुमल्यांना खोडावरून चढू द्यायचे नसेल तर बुंध्याला आधी प्लास्टिकची पट्टी बांधा आणि ग्रीस त्या पट्टीवर लावा, सालीवर थेट लावू नका. बागेत काजू असतील तर मात्र हुमल्यांची घरटी सरसकट जाळू नका. काजूवरच्या ढेकण्याला ते खातात.

ढेकण्याचे नाव निघालेच आहे तर सांगतो. काजूच्या नव्या पालवीचा शेंडा काळा पडून आगीने भाजल्यासारखा सुकला की आपल्याकडे 'करपा आला' म्हणतात. सुकलेल्या शेंड्याच्या जरा खाली, अजून हिरव्या भागावर लांबट काळे चट्टे आणि त्यांवर डिंकाचे बारीक थेंब असतील तर ते ढेकण्याने सोंड खुपसल्याचे. पहाटे किंवा संध्याकाळी पालवी हळूच हलवली तर लांब पायांचा, डासासारखा दिसणारा किडा उडतो. बुरशी तिथे नंतर येते, जखमेवर.

पेरूवरचे नारिंगी चट्टे मला मनापासून आवडतात, कारण ते ओळखले की माणसाचा जीव हलका होतो. त्याला आपण तांबेरा म्हणतो आणि नावामुळेच फसतो. गव्हाचा तांबेरा ही बुरशी, पण पेरू, आंबा, काजू, लिची यांच्या पानांवरचा हा तांबेरा सेफॅल्यूरोस नावाचे शेवाळ आहे. तळ्यात असते त्याचेच दूरचे भावंड, जमिनीवर राहायला शिकलेले. चट्टा जवळजवळ गोल असतो, मखमलीसारखा उठलेला, रंग विटकरी ते नारिंगी. भिंगाखाली त्यावर बारीक केसांचे रान दिसते. नखाने खरवडले तर मखमल निघते आणि खाली फिकट डाग राहतो. दाट, उजेड नसलेल्या, सतत ओल्या फांद्यांवर ते जास्त येते आणि झाड उपाशी असले तर आणखी पसरते. परसातल्या पेरूला सहसा कोणी खत घालत नाही. धुण्याच्या पाण्यावर तो वाढतो.

कार्बेन्डाझिम शेवाळावर चालत नाही. तांबे चालते. पण पेरूसाठी तुम्ही आधी कोयता घ्या. आतल्या एकमेकांत घुसलेल्या फांद्या काढून झाड मोकळे करा, खाली पडलेली पाने गोळा करा, बुंध्यापासून हातभर लांब आळे करून शेणखत घाला. पुढच्या पावसाच्या तोंडावर तांब्याची एक फवारणी आणि पावसात उघडीप मिळाली की दुसरी. बहुतेक परसांत एवढ्याने काम भागते.

तांबे म्हणजे दुकानात मिळणारे कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला ३ ग्रॅम, नाहीतर घरी केलेले बोर्डो मिश्रण. ज्यांची सुपारी आहे, त्यांना कोळेरोगामुळे बोर्डो माहीत असते. पण ते करताना होणाऱ्या चुका मी इतक्या कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, बघितल्या आहेत की पद्धत सांगतोच. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चांगला कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. परसापुरते १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १० लिटर. मोरचूद फडक्यात बांधून अर्ध्या पाण्यात वरच्या अंगाला रात्रभर टांगून ठेवा, तो आपोआप विरघळतो. चुना उरलेल्या पाण्यात विरवून गाळून घ्या. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची नकोत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि काठीने ढवळत राहा. उलटे, म्हणजे चुना मोरचुदात ओतू नका, मिश्रण फुटते. रंग आकाशासारखा निळा यायला हवा.

मग घासलेला स्वच्छ विळा मिश्रणात मिनिटभर बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस लेप दिसला तर चुना कमी पडला, मोकळे तांबे पानाला जाळेल. आणखी चुन्याचे पाणी घाला आणि विळा पुसून परत बुडवा. पाते स्वच्छ निघेपर्यंत हे करायचे. महिनोन्महिने गोणीत उघडा पडलेला चुना वापरला तर हा लेप हटता हटत नाही, कारण हवेने त्याचा जोर गेलेला असतो. मिश्रण त्याच दिवशी संपवा. आणि कोवळ्या, तांबूस पालवीवर किंवा उमललेल्या मोहोरावर बोर्डो मारू नका, ओलसर थंड हवेत ते कोवळ्या भागाला भाजते.

तुमच्या आंब्याचे आता काय? हा नोव्हेंबर आहे. झाड मोहोराच्या तयारीत असणार, म्हणून मोठी छाटणी करू नका. ती फळे उतरल्यावर. फक्त सुकलेल्या काळ्या काटक्या काढा. सुकलेल्या भागाच्या खाली तीन-चार बोटे हिरव्यात जाऊन कापा. बोट बोट करून वाचवत बसू नका, बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या थोडी पुढे पोचलेली असते. कापलेल्या जागी बोर्डो मलम किंवा दाट कालवलेले कॉपर ऑक्सिक्लोराइड लावा. काटक्या परसाच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, जाळा किंवा पुरा. झाडाखालची जुनी पाने झाडून खतखड्ड्यात घाला आणि वर माती टाका. हे काम फवारणीपेक्षा कंटाळवाणे आहे, पण पुढच्या पालवीवर पडणारे शिंतोडे याच काटक्यांतून येणार होते.

आत्ताची पालवी हिरवी झाली असेल तर करप्यासाठी तिच्यावर काहीच मारू नका. नवीन तांबूस पालवी परत फुटली आणि त्याच वेळी अवकाळी पाऊस किंवा दाट धुके असेल, तरच कॉपर ऑक्सिक्लोराइडची एक फवारणी, पाने सुकी असताना, सकाळी. कार्बेन्डाझिम या हंगामात दोनदा झाले आहे, आता बाजूला ठेवा. कोलेटोट्रायकमला त्या औषधाची सवय होते, हे अनेक देशांतल्या बागांत दिसून आले आहे. तेच तेच मारत राहिलो तर वाचतात त्या बुरशीच्या चिवट पिढ्या. मोहोराच्या दिवसांत पांढरी पीठासारखी बुरशी दिसली तर ती भुरी, वेगळा रोग. थंड रात्री आणि कोरडे दिवस तिला मानवतात, पाऊस लागत नाही. तिला पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर, कडक उन्हात नको. मोहोर पूर्ण उमललेला असताना मधमाश्या त्यावर असतात, तेव्हा काहीच फवारू नका. विहीर जवळ असेल तर झाकून घ्या, तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेतच. डब्यावरचे प्रमाण आणि फळे काढण्याआधी किती दिवस थांबायचे तो आकडा वाचून घ्या.

मानकुरादला हे एवढे जपून करावे लागते. त्याचे नावच पोर्तुगीज 'मालकोरादा'वरून आले, म्हणजे रंगाने फिका. चवीत त्याला तोड नाही, पण फळावर काळे ठिपके पटकन येतात. पाऊस लवकर आला की बाजारात ठिपक्यांचा मानकुराद निम्म्या भावाने जातो. त्यातले बरेच ठिपके या करप्याचे असतात. फळ हिरवे असताना बुरशी सालीखाली गप्प बसते आणि पिकायला लागले की उठते. पालवीच्या वेळी काटक्या साफ केलेल्या झाडाची फळे जास्त दिवस टिकतात, हे मी स्वतःच्या झाडावर दरवर्षी बघतो.

डब्यातल्या परीक्षेतूनही नक्की कळले नाही तर पाने जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात न्या. पाने वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून ती रस्त्यातच कुजतात आणि तपासणाऱ्याला भलतीच बुरशी सापडते. एक पान सुरुवातीच्या ठिपक्याचे, एक अर्धे गेलेले, एक पूर्ण निरोगी, आणि सुकलेल्या काटकीचा एक तुकडा. चिठ्ठीवर झाडाची जात, वय, डाग पहिल्यांदा कधी दिसले, त्याआधी पाऊस किती दिवस होता आणि काय काय फवारले ते सगळे लिहा. दोनदा कार्बेन्डाझिम मारले तेही लपवू नका.

आणि मला आणखी दोन फोटो पाठवा. फ्लॅश बंद करून, सावलीत, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून. पहिला, काळ्या पानांच्या वर असलेल्या फांदीच्या पानांची पाठ. दुसरा, डबा दोन दिवसांनी उघडाल तेव्हा डागाचा अगदी जवळून, जमल्यास भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून. नारिंगी थेंब दिसले तर काटक्या त्याच दिवशी कापायला घ्या, माझ्या उत्तराची वाट बघत बसू नका.